एकेचाळीस नंबर

शुक्रवारी पहाटे मुहर्रकच्या धक्क्यावर
बू राशिदची बोट खोकत जागी होते.
मारिसेल रात्रपाळी संपवून थेट येते, हॉस्पिटलच्या चपलांत.
शिबू सिलिंडर मोजतो, पुन्हा मोजतो.
माझ्या पिशवीत वीस-बावीस जुने टूथब्रश,
कँपातल्या लोकांनी वापरून संपवलेले.
‘मोंडकर, दर्याचे दात घासतोस काय?’ म्हणतात,
आणि खिडकीतल्या डब्यात न विसरता टाकत राहतात.

सहा दिवस मी एसी दुरुस्त करतो.
गच्चीवर, उन्हात, पाठ भाजेपर्यंत.
आत कुणाची तरी खोली अठरा अंशांवर येते
आणि तेवढीच ऊब माझ्या तोंडावर फेकली जाते.
उष्णता नाहीशी होत नसते,
तिला फक्त दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायचं असतं.
हे मला धंद्याने शिकवलं.

पोहणं मी मालवणातून घेऊन आलो होतो.
नूफने मला थांबणं शिकवलं.
हात न हलवता, तळाला न शिवता,
नुसत्या श्वासावर अधांतरी राहायचं.
श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली.
बापाने कधी असं थांबू दिलं नव्हतं.
पाण्यात गेलास तर जाळं ओढ, नाहीतर बाहेर हो.

सात मीटर खाली आमची लोखंडी बाजली आहेत.
त्यांवर बोटाएवढी पोवळ्याची ढलपी बांधलेली,
प्रत्येकीच्या गळ्यात प्लास्टिकचा नंबर.
मी शेवाळ खरवडतो, दाढेमागून घासावं तसं, हळू.
शिबू हरवलेला गरगूर कापतो.
तारेचा तो पिंजरा मालकाला विसरूनही
मासे धरतच राहिला होता.
आतला हामूर जरा वेळ उघड्या दाराकडे बघतो.
त्याला खरं वाटत नाही.

बू राशिद खाली येत नाही. त्याचा आजा यायचा,
नाकाला चिमटा, पायाला दगड,
मोत्यांसाठी, सावकाराच्या वहीत नाव असताना.
‘त्याने काढलं, तुम्ही लावा,’ एवढंच बोलतो
आणि चहात वेलची जास्त टाकतो.

फोनवर बाबा: दर्यात कोण पेरता रे?
आणि पगार किती त्याचो?
मी सांगतो, उलटे मीच पैसे भरतो. सिलिंडरचे, बोटीचे.
पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.

निघताना आईने बोटात पोवळं घातलं होतं,
मंगळासाठी, चांदीत बसवून.
ते जिवंत असतं, घर बांधतं,
रात्री हात बाहेर काढून खातं,
हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं, मलाही.
आता डाईव्हच्या आधी अंगठी काढून खिशात ठेवतो.
लाज म्हणावी तर तसंही नाही.
मेलेल्याला घेऊन जिवंतांच्या घरी जाऊ नये, एवढंच.

ऑगस्टात पाणी छत्तीसवर गेलं.
खाली उतरलो तर सगळी बाजली पांढरी.
सुंदर दिसत होती, हेच वाईट.
मारिसेलने नियमावलीचा टूथब्रश बाजूला ठेवला
आणि एकेकीपाशी नुसती थांबली,
वॉर्डात थांबत असेल तशी.
मी हातातल्या पान्यांचा, गॅसच्या नळ्यांचा,
वीस वर्षांच्या कसबाचा विचार केला.
सगळ्या शहराला गार करणारा माणूस
सात मीटरखाली
एका बोटाएवढ्या जिवाला वारा घालू शकत नव्हता.

ऑक्टोबरात मोजणी.
पाटीवर दोन रकाने: आहे, नाही.
मी बोट दाखवतो, मारिसेल खूण करते.
एकोणचाळीस, नाही. चाळीस, नाही.
एकेचाळीसपाशी ती अडते.
काचेला नाक लावून बघते, मला बोलावते.
बुडाशी, बांधलेल्या पट्टीच्या आत, सावलीत,
चहाचा डाग पडावा एवढा तपकिरी रंग.
शेवाळही असेल.

ती दोन्ही रकाने सोडते,
मधल्या रेघेवर प्रश्नचिन्ह काढते.
वर आल्यावर पाटी धुवायचं काम माझं.
तेवढी जागा सोडून धुतली.