सातवा झरोका

'तूझ' म्हणतात इथे धुळीला,
जणू नात्यातलीच कुणी, न सांगता येणारी.
तीन दिवस मुक्काम ठोकून गेली.
चौथ्या सकाळी फोन वाजू लागले
आणि मी, फय्यूमचा रगब,
शिडी, ब्रश नि हत्तीच्या सोंडेएवढा पाइप घेऊन
जहराच्या वाटेला लागलो.

उम्म मिशारी दारातच उभी.
"खिडक्या लावल्या होत्या. फटींना ओली फडकी कोंबली होती.
मग ही शिरली कुठून?"
प्रत्येक घर हेच विचारतं.
मी बोट वर करतो.

वर, छताच्या पोटात, पत्र्याचं आतडं आहे.
एसी गार हवा ढकलतो, तितकीच परत ओढतो,
आणि ओढताना निवडत बसत नाही.
दाराखालची चीर, विजेच्या बटणामागचं भोक,
गच्चीखाली सुटलेला सांधा, उन्हानं वाळून गळलेली टेप,
मिळेल तिथून घर वाळवंट पितं.
बाहेर पन्नास अंश. पिणं थांबवणार कोण?
त्यात आपली घरची भर:
गालिच्याची लव, बखूरचा धूर,
मांजरीचे केस, माणसांची झडती कातडी.
"जाळी कधी बदलली होती?"
ती शिराणीकडे बघते.
शिराणी छताकडे.

पहिल्या झरोक्यात बोटभर,
मैद्यासारखी, दूध जास्त पडलेल्या चहाच्या रंगाची.
ही परवाची.
नातवंडांच्या खोलीत एक निळा खडू निघाला,
तो वर कसा गेला हे कुणी कबूल करेना.
शाळा माझी चौथीत सुटली,
पण धूळ मला वाचता येते.
पिवळट ती उत्तरेची, सरहद्दीपलीकडची.
करडी दिसली की समजावं,
शेजारी कुणीतरी मजला चढवतोय.

सातव्याला ब्रश अडला.
खरवडलं, तर खाली काळं.
धूळ नव्हे. चिकट, मऊ, डांबराचं सावत्र भावंड.
मला वाटलं, स्वयंपाकघराचं तेल.
तसं म्हणालोही.

उम्म मिशारीनं फडकं मागून घेतलं,
हुंगलं.
"एक्याण्णव," म्हणाली.

"विहिरी जळत होत्या.
भर दुपारी दिवा लावून जेवायचो,
दिवा म्हणजे मेणबत्ती. मेंढ्या काळ्या झाल्या होत्या.
मिशारी पोटात होता.
वीज परत आली त्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवल्या,
दारं घट्ट लावली, एसी सुरू केला.
डॉक्टर म्हणालेच होते,
घरातच राहा, आतली हवा चांगली."
मग हसली. हसता हसता खोकली.
"चांगली!"

मी काही बोललो नाही.
एक्याण्णवला मी शेळ्यांमागे पळत होतो,
आमच्याकडे आकाश निळंच होतं.

सोंड लावली. घर भुंग्यासारखं घुमू लागलं.
काळं मात्र सोंडेला दाद देईना,
ते हातानंच काढावं लागलं, वीतवीत,
पत्र्यात डोकं घालून,
तोंडाला फडकं बांधून.
खाली ती खुर्ची ओढून बसून राहिली.
दोनदा चहा पाठवला.
तिसऱ्यांदा शिराणी आली ती नुसतीच बघायला.

"अकरा झरोक्यांचे ठरले होते," पैसे मोजताना ती म्हणाली,
"काळ्याचे वेगळे कसले?"
"काळ्याला वेळ लागतो."
जरा थांबली.
"लागतो," म्हणाली, आणि पाच दिनार वर ठेवले.
"पुढच्या तूझनंतर ये."
"जाळी महिन्याला बदला."
"तरीही ये."

रात्री फरवानियात, आमच्या खोलीत,
सहा जण, सहा गाद्या, खिडकीत एक एसी,
ज्याची जाळी मी आजवर काढून पाहिलेली नाही.
तीनदा साबण लावला. नखात काळं तसंच.
डाव्या हातानं भाकरी मोडली.
सय्यद म्हणाला, आज गार नाही लागत रे,
बघ जरा.
उद्या, म्हटलं.