निपाणीची डबी

दिवसभर मी उद्यमबागेत जळक्या मोटारी उसवतो,
काळी पडलेली तांब्याची तार उपसून नवी भरतो.
बोटांना वार्निशचा वास, साबणाने न जाणारा.
आज मेहुण्याचा काळा कोट, बाह्या दोन बोटं आखूड,
आणि पहिल्या व्हायोलिनांतली शेवटची खुर्ची,
कारण पुण्याहून यायचा तो तापाने फणफणला
आणि कॅम्पातल्या मिंगेल मास्तरांनी माझं नाव सांगितलं.
वर मला म्हणाले, "नाहीच जमलं, तर नुसता गज हलीव.
पण सगळ्यांच्या बरोबर हलीव."

हॉलातले पंखे बंद. स्वरांचे कागद उडतात म्हणून.
माणसं कार्यक्रमपत्रिकेने वारा घेतायत,
आणि पुढच्या रांगेत वेगळंच पेटलंय :
पाहुणी शर्वाणी हुक्केरी, व्हिएन्नाची.
"हुक्केरी म्हणजे त्यांचीच की ओ."
"त्यांची कशी? आजोळ चंदगड हाय तिचं."
"मग आता बोलली तर कशात बोलंल?"

ती बोललीच नाही.
ओबोने एक सूर धरला,
साठ जणांनी आपापली तार त्याला आणून टेकवली,
आणि पुढच्या रांगेतल्या पत्रिका
हलायच्या थांबल्या.

दुसऱ्या भागात ती इतकं हळू वाजवत होती
की गेटावरून जाणारी मालगाडी आत ऐकू आली.
तिने गज लांबवला, गाडी जाऊ दिली,
घाईतल्या माणसाला अरुंद बोळात वाट द्यावी तशी.
डबे बरेच होते.

मग तिसरा भाग, ऐन चढण, आणि
टण्‌.

मोटारवाल्याला हा आवाज झोपेतही कळतो.
तिने मान वळवायच्या आत
पहिल्या खुर्चीने आपलं व्हायोलिन तिच्या हातात दिलं,
दुसरीने पहिलीला, तिसरीने दुसरीला,
आग विझवताना बादल्या जाव्यात तशी वाद्यं पुढे सरकत गेली,
माझंही गेलं,
शहापुरातल्या पेटीवाल्याकडून हप्त्याने घेतलेलं,
आणि उलटीकडून हातोहात तिचं आलं.
खुर्च्या तिथेच संपत होत्या.
माझ्या मांडीवर तीन तारांचं, कोमट.

मांडीवर धरून बसायचं, एवढाच नियम.
पण कोटाच्या खिशात आजोबांची निपाणीची तपकिरीची डबी,
तीत गुंडाळून ठेवलेली एक पोलादी तार,
साडेतीनशेची, खडेबाजारातली.
कुणाला विचारलं नाही.
खुंटी फिरवली. सूर कानाशी नेऊन, नखाने, चोरून.
समोर सगळे वाजवत होते.
माझं व्हायोलिन उजेडात होतं, तिसऱ्या खुर्चीत,
आणि त्याचा आवाज मला वेगळा काढता येईना.
इतकी वर्षं मी ते वाजवतो.

टाळ्या झाल्या. तिने आपलं वाद्य परत मागितलं,
चार तारा पाहिल्या, हुंगलं,
(तपकीर असणार)
आणि "आणखी एक" म्हणणाऱ्यांसाठी एकटीच वाजवायला लागली.

नवी तार उतरतेच.
पहिल्या मिनिटात केसभर उतरली,
हॉलात दोघांना कळलं.
तिने वाजवता वाजवता, गज न थांबवता,
खालचा बारका स्क्रू हलकेच पिळला
आणि मागे, रांगेच्या टोकाकडे पाहिलं.
मी बोटं कोटाच्या बाह्यांत ओढायला गेलो.
बाह्या आखूड होत्या.

बाहेर पुढच्या रांगेतला तोच माणूस कुंद्याचा डबा घेऊन उभा,
"काय ओ, आत काय बोलली का ती? कशात?"
मी म्हटलं, तार उतरली म्हणाली.
"ते कळलं ओ. पण कशात?"

स्कूटर गेटाला अडली. परत मालगाडी.
पेटी पायांत, आत माझं व्हायोलिन,
कुणाच्या तरी घामाने हनुवटीपाशी ओलं
आणि थोडं चढं लागलेलं.
सकाळी आठला येळ्ळूरच्या गिरणीची मोटार येणार आहे,
दहा घोड्यांची, पूर्ण जळालेली.