हातचा

आमच्याकडे टेलिफोनची वही पहिल्या नावाने लागते.
आडनाव नसतंच; बापाचं नाव, आणि पुढे लेक.
शेजारी हवा तर धंदा लिहायचा.
मावशीने लिहिला होता:
हाल्बेरा ओत्तारस्दोत्तिर, हिशेबनीस.
मध्यवर्ती बँकेची उपगव्हर्नर झाली
तरी तो शब्द तिने हलवला नाही.

मोजायला ती शिकली बोलुंगारविकच्या धक्क्यावर,
आजोबांच्या होडीतून कॉडच्या पेट्या उतरताना.
ओल्या हातमोज्यांत बोटं मेलेली,
म्हणून दहा पेट्या झाल्या की
एक खडा जिभेखाली. तो हातचा.
एकदा सात खडे तोंडात असताना
पाद्रीबाबांनी नाव विचारलं,
आणि ती नुसतीच लाल झाली.
(ही गोष्ट आई सांगायची. मावशी म्हणायची, पाच खडे.)

एकोणिसाव्या वर्षी बँकेच्या तळघरात,
फाटक्या नोटा एकीकडे, बऱ्या एकीकडे.
मग अर्थशास्त्र, मग वरचे मजले.
अठ्ठाविसाव्या वर्षी एका टिपणाचं पान तीन
तिच्या हातचं:
महागाई चढेल तसं कर्जाचं मुद्दलही चढेल.
तेव्हा म्हाताऱ्यांची पुंजी
उन्हातल्या लोण्यासारखी जात होती.
ते थांबलं. हेही लिहून ठेवायला हवं.

पुढे चलनाची दोन शून्यं छाटली.
शंभराचा एक झाला, एका रात्रीत.
नव्या नाण्यांवर मासे आले;
आजोबा क्रोना उलटसुलट करत म्हणाले,
"आता माशाच्या बदल्यात मासाच देणार तर!"
त्या वर्षी मावशी इतकी हसली
की आईला ती पुन्हा लहान वाटली.

बँका कोसळल्या त्या शरद ऋतूत
कोपावोगुरच्या आमच्या घरी
आईने कागद टेबलावर ठेवला.
घेतले दोन कोटी.
चार वर्षं हप्ते.
उरले दोन कोटी नव्वद लाख.
"एकही हप्ता चुकला नाही, हाल्बेरा."
मावशीने चष्मा लावला,
पेन्सिलीने सगळं पुन्हा केलं, दोनदा,
कॉफीवर साय धरली तोवर.
म्हणाली, "बेरीज बरोबर आहे."

आई तिच्याशी सहा वर्षं बोलली नाही.
घर गेलं ते निराळंच.

लोकांनी तिच्या खिडकीवर अंडी फोडली.
वहीतून नाव काढा, सगळे म्हणाले.
तिने काढलं नाही.
आकुरेरीचा कुणी एक जण
रोज रात्री एकला फोन करायचा,
आपल्या कर्जाची शिल्लक वाचायचा, फक्त आकडा,
आणि ठेवून द्यायचा.
ती "हं" म्हणायची आणि उतरवून घ्यायची.
ती वही माझ्याकडे आहे.
चारशे अकरा रात्री. काही ठिकाणी शाई बदललेली.
खाली बेरजेची रेघ ओढली आहे,
रेघेखाली काही नाही.

निवृत्तीच्या समारंभाला आई गेली.
का गेली, मी विचारलं नाही.
दोघी कोटांच्या खुंट्यांपाशी उभ्या होत्या,
एकीच्या हातात दुसरीचा मफलर.

आता मावशीला माझं नाव लागत नाही.
रविवारी मी मूठभर चिल्लर नेतो, ती टेबलावर पसरते.
कॉड कॉडबरोबर, खेकडा बाजूला,
डॉल्फिन खिडकीकडे तोंड करून.
किमती गेल्या, मासे राहिले.
दहा कॉड झाले
तशी अकरावं नाणं तिने अलगद तोंडात टाकलं.
मी घाबरून हनुवटी धरली,
थुंक मावशी, थुंक म्हणालो.

तिने माझ्याकडे रागाने पाहिलं,
कामात व्यत्यय आणणाऱ्या कारकुनाकडे पाहावं तसं,
आणि नाण्यामागून,
जडशा जिभेने,
"थांब. हातचा आहे."