तीन नंबरची गादी

गादीवर मार्करने आकडा घातलाय : ३.
एक नंबर रबाळ्यात उंदराने फोडली.
दोन नंबर कोणाकडे आहे
ते आरोग्य केंद्राच्या रजिस्टरलाही ठाऊक नाही.

ही मी खांद्यावर घेऊन इलठणपाड्याची चढण चढते
तेव्हा नळावरच्या बायका विचारतात,
"सिस्टर, आज कुणाकडं?"
खरं तर त्यांना विचारायचं असतं,
कुणाकडून.

केरबा ढवारे.
तीस वर्षं खाणीत सुरुंगाची भोकं पाडली,
मग कमरेखालचं अंगच दगड झालं.
माकडहाडापाशी जखम, माझी मूठ मावेल एवढी.
गयाबाईला शिकवलं :
दर दोन तासांनी कूस बदलायची,
दोन गुडघ्यांच्या मधे उशी,
धुवायला मिठाचं पाणी, उकळून गार केलेलं,
वास आला तर रडत बसायचं नाही, मला फोन करायचा.
ती म्हणाली, घड्याळ बंद हाय.
मग आम्ही कंपनीचा भोंगा धरला,
पाण्याचा टँकर, पहाटेची अजान, पाववाल्याची सायकल.

पंप रात्रभर घुरघुरायचा.
गादीची एक नळी भरायची, शेजारची रिकामी व्हायची.
वीज पलीकडच्या खोलीतून, महिना दोनशेच्या बोलीवर.
जखम भरत आली,
आतून गुलाबी, पिकल्या पेरूसारखी.
मी फोटो काढून डॉक्टरांना दाखवला, मिरवला म्हणा.
अकराव्या दिवशी केरबा गेला. छाती भरली होती.
जखम बरी, माणूस नाही :
याला रजिस्टरमध्ये रकाना नाही.

आज गेले तर गादी डेटॉलने पुसून
पत्र्यावर वाळत घातलेली.
आत पंप चालू. नळी कशालाच जोडलेली नाही,
नुसता फरशीवर, घुर्र घुर्र.
"ह्याच्याबिगर डोळा लागंना," गयाबाई म्हणाली.
"आजची रात ऱ्हाऊ द्या."

वर टाकीपाशी भीमव्वा आडवी आहे,
तिच्या टाचेवर कालपासून काळा डाग.
एक रात्र म्हणजे पाच कुशी. सहा.
मी काही बोलले नाही. नुसता डाग दाखवला,
स्वतःच्या टाचेवर बोट ठेवून.

तिनेच बटण बंद केलं.
खोली एकदम मोठी झाली.
वायर कोपरापासून अंगठ्यापर्यंत गुंडाळली,
पंप पदराखाली घेतला, अजून कोमट,
आणि माझ्या मागून चढू लागली.

अर्ध्या वाटेत धाप टाकत थांबली.
"सिष्टर,
तिथवर भोंगा ऐकू येतो का?"