आरी

औशाच्या स्टँडामागं करंजाचं झाड आहे.
निलंग्याची गाडी दीड तास लेट,
म्हणून मी पानं उलटून बघत होते.

एका पानाच्या खालच्या अंगाला
उलटं टांगून बसलेलं, तपकिरी,
वाळक्या शेंगेच्या टरफलाएवढं काहीतरी.

"दिव्यावरलं पाखरू हाय ते," बाकावरची बाई म्हणाली,
"हात लावू नका, डोळ्यात भुकटी जाती."

तिची चूक नव्हती.
अंग जाडजूड, लवदार,
रंग चिखल वाळून उरतो तसा,
डोळे डोक्याला न पेलणारे.
पण दिव्यावरची पाखरं बहुतेक
पंख कौलासारखे पसरून बसतात.
यानं पाठीवर हात जोडले होते.
मागच्या पंखावर एकच पांढरा पट्टा,
मास्तरनं खडूची एक रेघ ओढावी
आणि पुढचं न सांगता घरी जावं, तसा.
पट्ट्याखाली, कोपऱ्यात, काळा डाग.

"काय बघूलालाव, बाई?"
खाली बुंध्याशी लिंबाजीमामा
कुणाच्या तरी सँडलचा पट्टा शिवत होते.

"मिशा," म्हटलं. "टोकाशी फुगलेल्या,
आणि फुगून झाल्यावर मागं वळलेल्या."

ते उठले. चष्मा कपाळावर सरकवून,
श्वास धरून, बघितलं.
मग हातातलं हत्यार माझ्यापुढं केलं.
"हिला बी आकडी हाय बगा.
आकडी नसंल तर दोरा वर येत नाही."

इंग्रजी पुस्तकात या पाखराला आरीच म्हणतात.
वाचलं तेव्हा नुसतं पाठ केलं होतं.
नाव ठेवणारा माणूस कधीतरी
असाच कुणाच्या तरी दुकानापुढं
एका पायावर उभा राहिला असणार,
दुसरी चप्पल परत मिळेपर्यंत.

"ह्याची अळी पान दुमडून शिवती," मामा म्हणाले,
"दोरा तोंडातनं काढती. मेण नाही, काही नाही.
वाऱ्यानं माझ्या डोक्यावर पडत्यात पानं.
उसवून बघितलंय एकदा.
टाका बारीक हाय. माझ्यापरीस."
आणि परत खाली बसले.

दिवे लागायच्या जरा आधी
फर्र झालं.
उडताना दिसलं नाही, फक्त पान हललं.
बाई म्हणाली, "गेलं का?"

गाडीत बसल्यावर वहीत लिहिलं:
औसा, स्टँड, करंज, सहा वीस, आरी, एक.
मुरूडच्या फाट्याला खोडून
दोन केलं.