तपन नको

उपकेंद्राच्या गच्चीवर बारा पाट्या कसून
रेवता उईके शिडीवरून उतरली, गडवाभर पाणी प्याली.
आयटीआयची पोरगी. हाताला पान्याचे वळ.
मी म्हटलं, आता काय चिंता,
आपल्याकडं तपन तर फुकटात,
मे महिन्यात कवेलूवर पापड भाजते!

ती म्हणाली, काका, पाटीला तपन नको. उजेड पाहिजे.
तापली का तीही दुपारची पेंगते, तुमच्यासारखी.

काचेखालच्या निळ्या चकत्यांवर उजेड पडला
की आतले बारके कण जागचे उठतात,
एकाच वाटेनं निघतात,
बाजाराच्या दिवशी गाव निघते तसे.
भिंतीवरचा डबा त्यांना जा-ये शिकवते,
तेव्हा कुठं पंखा फिरते, लसींचा फ्रिज गुणगुणते.

मला एवढंच उमगलं : फडकं मारायचं.
जिनिंगमधली रुई उडून येते,
पाटीवर थर धरते. चिमण्यांचं वेगळंच.
एका कोपऱ्यावर सावली पडली
तरी अख्खी ओळ मुकी होते, हे तिनं दोनदा सांगितलं.
म्हणून कडुनिंबाची एक फांदी छाटली.
अजून ती जागा उघडी दिसते.

मीटरचा आकडा रोज वहीत लिहितो.
मेमध्ये, अंगाची लाही होत असताना : चोवीस.
माघातल्या एका सकाळी
कानाला मफलर बांधून
पऱ्हाटीच्या शेकोटीवर हात धरून बसलो होतो,
अन् गच्ची गुपचूप कामाला लागली होती.
सांजेला पाहिलं : एकोणतीस.
वही लगेच मिटली नाही.