हितसंबंध

शारजा, रात्रीचे दोन. बाहेर अजून अडतीस.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय,
आई सकाळी ते मनीप्लांटला घालेल.

माझा शोधनिबंध एका क्रियापदापाशी अडलाय:
मसुद्यात 'बंद करू' होतं,
पहाटेपर्यंत त्याचं 'कमी करत जाऊ' झालं.
कोणी केलं, कुठल्या खोलीत?
डॉ. हनान म्हणतात, संदर्भ दे, राग नको.

बाबा रुवैसहून आलेत, सोफ्यावरच झोपलेत.
वीस वर्षं फ्लेअरच्या उजेडात काढलेला माणूस,
दिवा मालवला की दचकतो.
जेवताना म्हणाले,
"मग आमचा प्लांट कधी बंद करतेस?"
आणि स्वतःच हसले, लोणचं माझ्याकडे सरकवत.

एकोणतीस तळटीपा. सगळ्या नीट.
शेवटच्या पानावर कॉलेजचा रकाना:
या संशोधनाला अर्थसाहाय्य कोणाचं?

'कोणाचंही नाही' लिहिलं.
खोडलं.
मग लिहिलं, मोरेश्वर तिरोडकर,
गॅस ऑपरेटर, रात्रपाळी,
पहिलीपासूनची फी.

खाली लाल अक्षरं उमटली:
आडनाव अर्जदाराशी जुळते.
नातं स्पष्ट करा.